हद्द कायम

नवापूरच्या रेल्वे स्थानकावर एक बाक आहे. त्याच्या अर्ध्या पाठीवर महाराष्ट्र लिहिलं आहे, अर्ध्या पाठीवर गुजरात. १ मे १९६० रोजी दोन राज्यं वेगळी झाली तेव्हा स्थानक आधीपासून उभं होतं. नकाशावरच्या रेघेला ते दिसलं नसावं, ती सरळ त्याच्या पोटातून गेली. त्यामुळे तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात आणि स्टेशन मास्तरांची खोली गुजरातेत. पैसे एका राज्यात भरायचे आणि गाडी उशिरा का, हे दुसऱ्या राज्यात जाऊन विचारायचं. घोषणा हिंदी, इंग्रजी, मराठी आणि गुजराती अशा चार भाषांत होतात, आणि चौथी संपेपर्यंत कधी कधी गाडीच येऊन उभी राहते. बाहेरगावचे लोक त्या बाकावर बरोबर मधोमध बसून फोटो काढतात. आम्ही नवापूरकर ऊन कुठल्या राज्यात आलंय ते बघतो आणि दुसऱ्या राज्यात बसतो.

माझं माहेर नवापूर, सासर सुरतेजवळ उधन्यात. म्हणजे तो बाक माझ्यापुरता अर्धा माहेर, अर्धा सासर. मी निघाले की आप्पा पोचवायला येतात आणि न चुकता महाराष्ट्राच्या बाजूला बसतात. सगळी नोकरी त्यांनी जमीन मोजण्यात घालवली. साखळी, झेंड्या, फळी, नकाशे, आणि मोजणीच्या दिवशी हमखास एकमेकांच्या अंगावर धावून जाणारे चुलतभाऊ, यांत त्यांचा जन्म गेला. हद्द म्हटली की त्यांचे कान टवकारतात. निवृत्तीनंतरही ते दोन पाटांमधलं अंतर डोळ्यांनी मोजतात.

गेल्या खेपेला मी ओसरीवर लॅपटॉप उघडून बसले होते. आप्पा पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "काय करी ऱ्हायनी, माय?" आप्पा अहिराणीत शिरले म्हणजे खरंच विचारत असतात, हे मला ठाऊक आहे. मी म्हटलं, "फंक्शन कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, ते एडिटरला नीट सापडत नाहीये. ते दुरुस्त करतेय."

"म्हणजे हद्दीचा वाद," आप्पा म्हणाले, आणि खुर्ची जवळ ओढली.

वाद समजावून सांगणं भाग होतं. प्रोग्राम म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचनांची लांबच लांब यादी. ती सलग लिहिली तर लिहिणाऱ्यालाच आठ दिवसांनी उमगत नाही. म्हणून तिचे तुकडे पाडतात, प्रत्येक तुकड्याला नाव देतात आणि एकेक काम नेमून देतात. तो तुकडा म्हणजे फंक्शन. स्वयंपाकघरात 'फोडणी घाल' म्हटलं की तेल तापव, मोहरी तडतडू दे, हे वेगळं सांगत बसावं लागत नाही, तसं. हे सगळं ज्यात लिहायचं तो टेक्स्ट एडिटर. आमची वही, पेन, खोडरबर आणि कात्री, सगळं त्याच्यातच. त्याला दिवसातून पन्नास वेळा सांगावं लागतं, की बाबा रे, कर्सर जिथे लुकलुकतोय ते फंक्शन अख्खं उचल. आणि उचलायचं तर ते कुठून कुठवर आहे, हे त्याला कळायला हवं.

माणसाला हे दिसतं. पानावर नजर टाकली की कळतं, इथून इथवर एक संसार आहे. एडिटरपुढे मात्र अक्षरं एकामागून एक येतात, मालगाडीच्या डब्यांसारखी. कुठला डबा कुठल्या व्यापाऱ्याचा, हे डब्यावर लिहिलेलं नसतं. मग तो खुणा शोधतो.

खुणांचा इतिहास जुना आहे. १९७६ च्या सुमारास अमेरिकेत दोन एडिटर जन्माला आले. एक बिल जॉय यांचा व्हीआय आणि दुसरा रिचर्ड स्टॉलमन, गाय स्टील यांच्या हातचा ईमॅक्स. दोन्ही अजून हयात आहेत. व्हीआयचा वंश ब्रॅम मूलेनार यांच्या १९९१ च्या व्हिममधून चालला, ईमॅक्सचा १९८५ च्या ग्नू ईमॅक्समधून. दोघांच्या भक्तांत वारकरी आणि शैव यांच्यात कधी नव्हतं इतकं वैर आहे. पण फंक्शनची हद्द ओळखण्याची दोघांची जुनी युक्ती थेट भावकीतली. व्हीआयमध्ये चौकोनी कंसाची कळ दोनदा दाबली की कर्सर फंक्शनच्या तोंडाशी जातो, आणि तोंड म्हणजे काय, तर ओळीच्या अगदी पहिल्या घरात बसलेला महिरपी कंस. ग्नू ईमॅक्सचं बालपण लिस्प भाषेत गेलं, तिथे महिरपी कंस नाहीत. तर त्यानं ठरवलं, पहिल्या घरात साधा कंस उघडला की नवं फंक्शन सुरू झालं असं समजायचं.

आपल्याकडे गावाच्या शिवेवर शेंदूर फासलेला दगड असतो, त्यातलाच हा प्रकार. शेंदूर दिसला की शीव आली. बहुतेक वेळा येतेही. पण एखाद्यानं हौसेनं भलत्याच दगडाला शेंदूर लावला तर? ज्यांना महिरपी कंस ओळीच्या शेवटी टाकायची सवय होती, त्यांच्या फायलीत व्हीआयच्या त्या कळेला एकही फंक्शन सापडेना. ईमॅक्सचं याच्या उलट. फंक्शनच्या आत माहितीसाठी चार ओळी लिहाव्यात, त्यांतली एखादी ओळ नेमकी कंसानं सुरू व्हावी, की ईमॅक्सला वाटे, आलं नवं गाव. यावर उपाय काय निघाला? तर लिहिणाऱ्यांनी अशा कंसाच्या आधी एक तिरकी रेघ मारावी. कितीतरी वर्षं शहाणीसुरती माणसं निमूटपणे ती रेघ मारत होती. यंत्राला वेशीवरचं भूत दिसतं म्हणून माणसांनी लिंबू टाकायचं, तसं.

"दगड हलवतात," आप्पा मध्येच म्हणाले. "रात्री हलवतात. आणि सकाळी तेच अर्ज करतात, की दगड हलला."

मी माझ्या दुःखाकडे वळले. ईमॅक्समध्ये अख्खं फंक्शन उचलायची तयार कळ आहे. पण बाजारात पापड मिळत असताना घरी लाटायची खोड आमच्या घराण्यातच आहे. मला हवा तसा उचलणारा एक छोटा तुकडा मी स्वतःच लिहिला. मी लिहिते ती भाषा पायथॉन. तिच्यात महिरपीची भानगड नाही, शाळेच्या वहीसारखा समास सोडायचा. फंक्शनचं नाव सांगणारी ओळ 'डेफ' या शब्दानं सुरू होते आणि आतला मजकूर चार घरं आत सरकवून लिहितात. माझा नियम दोन ओळींचा होता. डेफ दिसलं की फंक्शन सुरू. पुढचं डेफ दिसलं की आधीचं संपलं. इतका सुटसुटीत नियम सुचल्याबद्दल मी स्वतःला एक कप चहा बक्षीस दिला होता.

त्या नियमाचा हिशोब मामांनी चुकता केला.

मामांची नंदुरबारला मिरचीची पथारी आहे. नंदुरबारची मिरची ज्यांनी खाल्ली त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी नाही खाल्ली त्यांना सांगून कळायचं नाही. हंगामात शहराबाहेर मोकळ्या जमिनीवर लाल मिरची वाळत पडलेली असते. लांबून पाहिलं तर कुणीतरी एकरानं कुंकू सांडलंय असं वाटतं, आणि जवळ गेलं की माणूस शिंकून शिंकून मागे फिरतो. बाजारात ओली लाल मिरची येते, तिचा भाव वेगळा. पथारीवर वाळली की सुकी, तिचा वेगळा. मामांसाठी मी एक लहानसा प्रोग्राम लिहून दिला होता. रोज सकाळी भाव भरायचे, ते त्यांच्या फोनवर आणि दुकानातल्या पडद्यावर दिसायचे, वर गोणींचा हिशोब व्हायचा.

त्यात एक फंक्शन गोणीच्या वजनाचं होतं. एका गोणीत किती किलो धरायचे, हे काही रोज बदलत नाही. म्हणून त्याच्या डोक्यावर मी एक डेकोरेटर ठेवला होता. डेकोरेटर म्हणजे मंडपवाला नव्हे. फंक्शनच्या वरच्या ओळीत लिहायची ती एक खूण असते, आणि ती लावली की फंक्शनचा स्वभाव बदलतो. माझी खूण सांगत होती, एकदा काढलेलं उत्तर लक्षात ठेव, पुन्हा पुन्हा विचारत बसू नको. पुढे मी ते वजनाचं फंक्शन दुसऱ्या फायलीत हलवायचं ठरवलं. माझी लाडकी कळ दाबली. एडिटरनं माझ्या नियमाप्रमाणे डेफपासून फंक्शन उचललं आणि नेलं. डेकोरेटर होता डेफच्या वरच्या ओळीत. तो राहिला मागे.

नवरदेव गेला, बाशिंग मांडवातच राहिलं. आणि पायथॉनचा कायदा असा, की बाशिंग ज्याच्या वर दिसेल तो नवरदेव. खालचं फंक्शन होतं ओल्या मिरचीच्या आजच्या भावाचं. ते बिचारं आपल्या जागी उभं होतं, त्याच्या कपाळाला बाशिंग येऊन बसलं. मध्ये कोऱ्या ओळी होत्या, पण पायथॉन कोऱ्या ओळींना जुमानत नाही. संगणकानं ब्रसुद्धा काढला नाही. सोमवारी पहिला भाव विचारला गेला, तो त्यानं लक्षात ठेवला आणि मग बुधवारपर्यंत तोच सांगत राहिला. मामांचा फोन आला. ते रागावले नव्हते, आणि तेच जास्त लागलं. म्हणाले, "पोरी, माझी पथारीवरची मिरची तीन दिवसांत रंग बदलते गं. तुझ्या यंत्रातली ओलीच कशी राहते?"

आप्पांनी हे सगळं डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "तू चतुःसीमेवरून मोजणी केलीस."

मला कळलं नाही. त्यांनी समजावलं. जुन्या खरेदीखतात जमिनीचं वर्णन चारी बाजूंच्या शेजाऱ्यांवरून देतात. पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस नाला, दक्षिणेस गाडीवाट, उत्तरेस तमक्याचा बांध. वाचायला छान वाटतं, कारण गावातल्या सगळ्यांना नाला ठाऊक असतो. पण त्यात तुझी जमीन किती, याचा एक शब्द नाही. शेजारी कुठे सुरू होतो तेवढंच आहे. शेजाऱ्यानं दर नांगरटीला एकेक तास बांध कोरला, किंवा पावसाळ्यात नाला सरकला, की कागद तसाच आणि जमीन कमी. "पुढचं डेफ आलं की आधीचं संपलं, म्हणजे हेच की नाही? तू त्या फंक्शनला त्याचं स्वतःचं माप कधी विचारलंच नाहीस."

मी गप्प बसले. मग एक जुनी तक्रार आठवली आणि तिचं कोडं आपोआप सुटलं. फायलीतलं शेवटचं फंक्शन माझ्या कळेनं नेहमी राक्षसासारखं उचललं जाई. त्याच्याबरोबर खालच्या, प्रोग्राम सुरू करणाऱ्या मोकळ्या ओळीसुद्धा येत. कारण उघड होतं. शेवटच्या फंक्शनला खाली शेजारीच नव्हता.

"गावाच्या शेवटच्या घराचं असंच असतं," आप्पा खूश होऊन म्हणाले. "पलीकडचं गायरान तो आपलंच समजतो."

मग त्यांची मोजणी निघाली. ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे. साखळी लांब आणि साखळी रुंद जमीन म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट, असे ४० गुंठे म्हणजे एकर. हे मी लहानपणी पाढ्यांच्या आधी शिकले होते. पण त्यांनी नवीन सांगितलं ते मोडीबद्दल. त्यांच्या नोकरीच्या सुरुवातीला कचेरीत मोडी वाचणारे एक बुजुर्ग होते. मोडीत हात न उचलता लिहीत जायचं, एक शब्द संपला आणि दुसरा सुरू झाला अशी जागाच सोडायची नाही. पूर्णविराम-स्वल्पविराम मराठीत छापखान्याच्या काळात आले. मेजर कँडी यांनी त्यांच्यासाठी १८५० साली 'विरामचिन्हांची परिभाषा' हे पुस्तकच लिहिलं. त्याआधी वाचणाऱ्यानं काय करायचं? "मी त्यांना विचारलं होतं," आप्पा म्हणाले, "की काका, शब्द कुठे तुटतो ते तुम्हाला कसं कळतं? ते म्हणाले, आधी अर्थ लागतो, मग शब्द तुटतो."

गंमत अशी, की संगणकवाल्यांना हीच गोष्ट उमगायला बराच वेळ लागला. मॅक्स ब्रन्सफेल्ड यांनी ॲटम या एडिटरसाठी ट्री-सिटर नावाचं काम उभं केलं आणि २०१८ मध्ये ते लोकांसमोर आलं. ॲटम पुढे २०२२ च्या शेवटी बंद पडला, पण ट्री-सिटर इतर घरांत नांदायला गेलं. जुलै २०२३ च्या ईमॅक्स २९ मध्ये त्याची सोय आतूनच आली. ते खुणा शोधत नाही. त्याच्याजवळ भाषेचं व्याकरण असतं, आणि व्याकरणावरून ते सगळी फाईल वाचून तिचं झाड तयार करतं. ही फाईल, हे तिच्यातलं फंक्शन, हे त्याचं नाव, हे त्याचं शरीर, हा त्याच्या डोक्यावरचा डेकोरेटर. बाशिंग कुणाचं हा प्रश्नच उरत नाही, कारण नवरदेव आणि बाशिंग झाडाच्या एकाच फांदीवर असतात. तुम्ही एक अक्षर बदललंत तर ते सगळं झाड पुन्हा लावत नाही, तेवढीच फांदी नीट करतं.

मला त्याचा आणखी एक गुण फार आवडतो. लिहिता लिहिता कोड बहुतेक वेळ अर्धवटच असतो. कंस उघडलाय, मिटलेला नाही. नाव लिहिलंय, शरीर यायचंय. काटेकोर व्याकरणाचा मास्तर अशा वेळी पट्टी उगारून म्हणेल, हे वाक्यच नाही, मी वाचणार नाही. ट्री-सिटर म्हणतं, बरं, इथे काहीतरी राहिलंय, तेवढं बाजूला ठेवू, बाकीचं मला कळलं. आमच्या गल्लीत निम्म्या घरांच्या गच्चीवर लोखंडी सळया आकाशाकडे बघत उभ्या आहेत. वरचा मजला होणार आहे, मुलाची नोकरी लागली की. वीस वर्षं होणार आहे. म्हणून काही पोस्टमन पत्र टाकायचं थांबवत नाही. अर्धवट असलं तरी घर ते घरच, हे त्याला कळतं.

तर मी माझा दोन ओळींचा लाडका नियम पुसला आणि झाडावर विसंबून नवा तुकडा लिहायला घेतला. आप्पा शेजारी बसून होते. कर्सर कुठेही असो, झाडावर त्या जागेपासून वर वर चढत जायचं, पहिलं फंक्शन भेटलं की थांबायचं. त्याच्या डोक्यावर डेकोरेटर असेल तर तोही घ्यायचा. आता प्रश्न आला फंक्शनच्या पोटातल्या फंक्शनचा. पायथॉनमध्ये एका फंक्शनच्या आत दुसरं लिहिता येतं. आत उभं राहून कळ दाबली तर आतलं उचलायचं की बाहेरचं?

"पोटहिस्सा," आप्पा ताबडतोब म्हणाले. "अर्जात लिहावं लागतं, गटाची मोजणी की पोटहिस्स्याची. तू विचारलंस का कधी?" मग ठरलं, की एकदा दाबली तर पोटहिस्सा, दोनदा दाबली तर गट.

"आणि एक हद्द दुसरीला छेदून गेली तर?"

मी अभिमानानं म्हटलं, "कोडमध्ये तसं होत नाही. एक तर पूर्ण आत, नाहीतर पूर्ण बाहेर."

आप्पांना ते खरं वाटेना. त्यांचा आक्षेप रास्त होता, कारण आमच्याकडे हद्दी एकमेकींच्या ताटात जेवतात. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा काढला. पण नंदुरबार लोकसभा मतदारसंघात धुळे जिल्ह्यातले साक्री आणि शिरपूर आहेत. म्हणजे साक्रीचा माणूस कलेक्टरकडे धुळ्याला जातो आणि खासदारासाठी नंदुरबारकडे बघतो. राज्यातल्या लोकसभा मतदारसंघांत नंदुरबारचा क्रमांक १, विधानसभेत अक्कलकुव्याचा क्रमांक १. महाराष्ट्राची मोजदाद आमच्यापासून सुरू होते, हा आमचा एक जुना आनंद आहे. हे मी एकदा ऑफिसातल्या मित्राला सांगितलं, तर तो म्हणाला, "आपल्याकडे तर मोजणी शून्यापासून सुरू होते." काही लोकांना आनंद बघवत नाही.

भाषांच्या हद्दी तर कुठल्याच मोजणीत येत नाहीत. नवापूरच्या बाजारात एक बाई भाजीचा भाव मावचीत सांगते, घासाघीस गुजरातीत ऐकते, सुटे पैसे हिंदीत मागते आणि शेजारणीशी अहिराणीत हसते. कुठे एक संपली आणि कुठे दुसरी सुरू झाली, महिरपी कंस कुठे घालणार? तिचं तिला कळतं आणि गिऱ्हाइकाला मेथी मिळते.

संध्याकाळपर्यंत काम होत आलं. कळ दाबली की ज्याचं त्याचं फंक्शन ज्याच्या त्याच्या बाशिंगासह उचललं जाऊ लागलं. शेवटच्या घरानं गायरान सोडलं. आणि मग शेवटचा वाद निघाला, तोही मामांच्याच फायलीत. ओल्या मिरचीच्या भावाचं फंक्शन वर, सुक्या मिरचीचं खाली, आणि मध्ये एक टिप्पणी. टिप्पणी म्हणजे माणसानं माणसासाठी लिहिलेली ओळ. संगणक ती वाचत नाही, झाडावर ती असते पण कुठल्याच फंक्शनच्या फांदीवर नसते, दोघांच्या मधल्या जागेत एकटी लोंबकळते. फंक्शन उचललं तर ही ओळ कुणाबरोबर जावी? वरच्या की खालच्या? व्याकरण इथे हात वर करतं. हा प्रश्न रीतिरिवाजाचा आहे.

मी स्क्रीन आप्पांकडे वळवली. त्यांनी चष्मा लावला. पायथॉनवाल्यांचा रिवाज आहे, दोन मोठ्या फंक्शनांमध्ये दोन ओळी कोऱ्या सोडायच्या. ते मी सांगितल्यावर त्यांना कौतुक वाटलं होतं, की जगात असेही लोक आहेत जे बांधाला पुरती जागा सोडतात. आता ते बारकाईनं बघू लागले. वरचं फंक्शन संपल्यावर दोन ओळी मोकळ्या होत्या, मग टिप्पणी, आणि टिप्पणीला लागूनच खालच्या फंक्शनचं डेफ. मध्ये एकही ओळ नाही.

"स्वच्छ आहे," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज पंचनाम्याचा झाला. "वरच्यापासून सुटलेली, खालच्याला चिकटलेली. ताबा खालच्याचा. खालचं जिथे जाईल तिथे ही जाणार."

निकाल देऊन त्यांनी चष्मा काढला. काढता काढता ते थांबले. माझ्याकडे बघितलं आणि मग उगाच अंगणातल्या तुळशीकडे बघत राहिले. मीही स्क्रीनकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी माझी गाडी होती.

आई आत लसूण सोलत होती. तिला संगणकातलं काही कळत नाही असं आम्ही दोघं गेली पंधरा वर्षं धरून चाललोय. ती आतूनच म्हणाली, "अहो, त्या ओळीत लिहिलंय काय, ते तरी वाचाल का आधी?"

खरंच, आम्ही सगळं मोजलं होतं, वाचलं नव्हतं. मी वाचलं. माझ्याच हातची ओळ होती, दोन वर्षांपूर्वीची. 'वरच्यासारखंच, फक्त सुक्या मिरचीसाठी.'

"म्हणजे राहते खालच्याकडे," आई म्हणाली, "आणि बोलते वरच्याबद्दल." आणि लसणाच्या साली सुपात घेऊन ती परसात गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही अर्धा तास आधीच स्थानकावर पोचलो. आप्पांना गाडीच्या आधी अर्धा तास पोचायचं असतं आणि गाडीला त्यानंतर अर्धा तास यायचं असतं. ऊन महाराष्ट्रात होतं. तरी आप्पा महाराष्ट्रातच बसले. मी गुजरातेत बसले आणि आईनं भरून दिलेली पिशवी बरोबर रेघेवर ठेवली. तिच्यात बिबडे होते, मामांनी पाठवलेली किलोभर सुकी मिरची होती, आणि वर ठेवलेली भरताची वांगी गुजरातेच्या बाजूला कललेली होती.

बराच वेळ झाल्यावर आप्पा म्हणाले, "मग काय ठेवलंस? त्या ओळीचं?"

"तुमचाच निकाल ठेवला. खालच्याबरोबर जाईल."

"हं."

"पण तिच्यात 'वरच्यासारखं' असं काही लिहिलेलं दिसलं, तर एडिटर जाण्याआधी थांबून विचारेल. वरचंही बघायचंय का म्हणून."

आप्पांनी मान डोलावली. "शेरा मारून ठेव तसा. पुढच्या माणसाला कळलं पाहिजे."

घोषणा सुरू झाली. हिंदीत झाली, इंग्रजीत झाली, मराठीत झाली, आणि गुजराती अर्ध्यात असताना गाडी आली. माझा डबा पार गुजरातच्या टोकाला लागला. आप्पांनी पिशवी उचलली, एक वांगं आत ढकललं, आणि डब्यापर्यंत चालत आले.